विटी, दांडू आणि पिकअपचं नाक

मागच्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर ह्यूस्टनच्या मावसभावाचा फोटो आला. नवी कोरी पिकअप, बॉनेटवर झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबं, आणि शेजारी हा उभा, खांदा बॉनेटच्या कडेपेक्षा जेमतेम वीतभर वर. खाली अभिनंदनाचा पाऊस. सगळ्यात शेवटी मामांचा मेसेज, "शाब्बास! टँकच घेतलास की, आता काळजी मिटली."

मामांना ग्रुपवर उलट बोलायची पद्धत आमच्याकडे नाही, म्हणून हा लेख.

कारण "मोठी गाडी म्हणजे सेफ गाडी" हे वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेलं वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त टिकतं. आधी खरी बाजू घेऊ. समोरासमोर टक्कर झाली, एक कार १३०० किलोची, एक पिकअप २६०० किलोची, दोघींचा वेग ताशी ५० किमी. दोन्ही एकमेकींत रुतल्या असं धरलं तर शाळेतला संवेगाचा नियम सांगतो की सगळा गोळा पिकअपच्या दिशेने साधारण १७ च्या वेगाने सरकणार. म्हणजे पिकअपवाल्याचा वेग ५० वरून १७ वर आला, ३३ चा झटका. कारवाल्याचा ५० वरून उलट दिशेला १७, म्हणजे ६७ चा झटका. दुप्पट वजनवाल्याला निम्मा झटका, सरळ हिशोब. बसलेला माणूस सेफ आहे, पण त्याच्या वाटचा झटका हवेत विरला नाही, तो समोरच्याच्या खात्यात गेलाय.

आता ज्याच्याभोवती लोखंड नाही त्याचं बघू, म्हणजे रस्ता ओलांडणारा माणूस. इथे गंमत अशी की वजनाला जवळपास काही अर्थच उरत नाही. ६० किलोच्या माणसाला १४०० किलोच्या कारने ताशी ४० ने धडक दिली तर तो माणूस (गाडीला चिकटून गेला असं धरा) ३८ च्या वेगाला पोचतो, आणि २५०० किलोच्या पिकअपने दिली तर ३९ च्या. फरक एका किमीचा! डासाला रिक्षाने उडवलं काय आणि एसटीने उडवलं काय. मग अमेरिकेत २००९ मध्ये साधारण ४१०० पादचारी गेले आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या वर, त्यात मोठ्या गाड्यांचा हात आहे असं लोक म्हणतात ते कशावरून? (मोबाईल, अंधार, फुटपाथ नसलेले सहापदरी रस्ते ही कारणंही आहेतच, सगळं खापर पिकअपवर फोडत नाहीये.) वजनाने नसेल तर कशाने?

नाकाने. गाडीच्या नाकाच्या उंचीने.

लेखाचा जीव इथे आहे, त्यामुळे जरा बैजवार सांगतो. समोर टेबलावर पेन ठेवा, आडवं. मधोमध टिचकी मारा. पेन तसंच आडवंच्या आडवं पुढे सरकतं. आता टोकाला टिचकी मारा. पेन गर्रकन फिरतं आणि पुढे मात्र फारसं जात नाही. बोटालाही फरक जाणवतो, टोकाला मारताना पेन हलकं लागतं. हा भास नाहीये. सारख्या जाडीच्या काठीला टोकाशी ढकललं तर ती ढकलणाऱ्याला आपल्या वजनाच्या फक्त एक चतुर्थांश असल्यासारखी वागते, कारण उरलेली काठी "मी फिरून घेते" म्हणून वाट काढते. विटी-दांडू खेळलेल्यांना हे हाताला माहितीये. विटीच्या निमुळत्या टोकावर हलकेच मारलं की ती गिरकी घेत उडते, आणि हवेतल्या विटीच्या बरोब्बर पोटात टोला बसला की मग ती शेजारच्यांच्या काचेपर्यंत. विटी तीच, दांडू तोच, फक्त कुठे बसला ते महत्त्वाचं.

माणूस म्हणजे उभी विटी. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य (सगळ्या वजनाचा मध्यबिंदू) जमिनीपासून साधारण ९२ सेंटीमीटरवर असतो, बेंबीच्या जरा खाली. सेडानचा बंपर लागतो ५० सेंटीमीटरवर, गुडघ्याच्या आसपास, म्हणजे गुरुत्वमध्याच्या चांगला खाली. पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड मागे राहतं, म्हणजेच माणूस बॉनेटकडे कलंडतो आणि बॉनेटवर लोळत काचेपर्यंत जातो. भयंकरच आहे हे, पाय मोडतात, डोकं काचेवर आपटतं, सेडान म्हणजे गादी नव्हे. पण जो वेग माणसाच्या अंगात शिरायचा तो टप्प्याटप्प्याने शिरतो, आधी पाय, मग कंबर, मग खांदा, मग डोकं, आणि मधे बॉनेटचा पत्रा दबतो. सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागाची सवड मिळते, आणि अपघातात ती फार मोठी असते.

ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी (बाकीच्यांनी पुढच्या पॅराला उडी मारा, रागावणार नाही): धडक गुरुत्वमध्यापासून d अंतरावर बसली तर जाणवणारं वस्तुमान = m ÷ (१ + d²/k²). इथे m म्हणजे माणसाचं वस्तुमान आणि k म्हणजे परिभ्रमण त्रिज्या (वस्तुमान गुरुत्वमध्यापासून किती लांब पसरलंय त्याचं माप), उभ्या माणसाची साधारण ४० सेंटीमीटर. सेडानसाठी d = ९२ − ५० = ४२, वर्ग केला, १६०० ने भागलं, १.१ आलं, म्हणून m भागिले २.१. म्हणजे पहिल्या क्षणी बंपरला निम्माच माणूस "लागतो". गुडघे वाकतात म्हणून खऱ्यात त्याहूनही कमी, माणूस काही सरळसोट काठी नाही, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे. पिकअपचं नाक मात्र ५० पासून ११५-१२० सेंटीमीटरपर्यंत उभी भिंत आहे, गुरुत्वमध्याच्या खालीही आणि वरही. खालून बसणारा जोर एकीकडे फिरवतो, वरून बसणारा दुसरीकडे, दोन्ही एकमेकांना खातात, निव्वळ d शून्याजवळ, आणि भागाकार एकाने. पूर्ण माणूस, एका फटक्यात.

म्हणजे पिकअपच्या बाबतीत टोला विटीच्या पोटात बसतो. कलंडणं नाही, लोळणं नाही. छाती आणि ओटीपोट थेट गाडीच्या पुढच्या जाळीवर, आणि माणूस बॉनेटवर न येता पुढे फेकला जातो, पुढे म्हणजे रस्त्यावर, म्हणजे त्याच गाडीच्या चाकांसमोर. सहा वर्षांच्या मुलाचा गुरुत्वमध्य मुळातच ६५ च्या आसपास, त्याला सेडानचं नाकही तसं उंचच आहे, पिकअपचं तर सरळ डोक्याच्या पातळीला येतं.

हे नुसतं टेबलावरच्या पेनचं शास्त्र नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी रस्ता सुरक्षा संस्था आहे, आयआयएचएस, तिने २०२३ मध्ये जवळपास १८ हजार पादचारी अपघात तपासले. बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत माणूस मरायची शक्यता, ३० इंचांच्या आतल्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. हवाई विद्यापीठातल्या जस्टिन टिंडल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने वेगळ्या वाटेने हिशोब मांडला, नाक १० सेंटीमीटर वर गेलं की मृत्यूची शक्यता २२ टक्क्यांनी वाढते. दहा सेंटीमीटर म्हणजे आपली चार बोटं आडवी धरून वर जरासं.

आता प्रश्न असा की नाक वर गेलं कशाला? गाड्या लांब-रुंद का झाल्या याची कथा सरकारी आहे आणि ती चक्क कोंबडीपासून सुरू होते. साठच्या दशकात पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, चिडून १९६३ च्या डिसेंबरात अध्यक्ष जॉन्सननी परदेशी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक (पिकअप त्यातच मोडतात) यांच्यावर २५ टक्के कर लावला. पुढे बाकीचे सुटले, ट्रकवरचा राहिला, लोक त्याला अजून चिकन टॅक्सच म्हणतात. बाहेरच्या छोट्या पिकअपना दार असं बरंचसं बंद झालं. मग १९७५ मध्ये मायलेजचा कायदा आला, त्यात ट्रकना कारपेक्षा सैल माप, आणि २०११ च्या मॉडेलपासून तर माप गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर बसवलं. मोठं क्षेत्रफळ तर मायलेजची अपेक्षा कमी. परीक्षेत वर्गातल्या उंच मुलाला पासिंग मार्क कमी ठेवल्यासारखं. इंजिनीअरला इंजिन सुधारण्यापेक्षा चाकं लांब लावणं स्वस्त पडलं तर त्याला काय दोष द्यायचा. (२०२५ मध्ये त्या कायद्याचा दंडच शून्य केला, त्यामुळे आता तोही विषय संपला.)

पण उंच नाक कुठल्याच नियमाने मागितलेलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं, मोठं इंजिन, त्याला गार करायला मोठी जाळी. थोडं खरंय, जड ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी तर पूर्ण खरंय. मग फोर्डच्या एफ-१५० पिकअपचं इलेक्ट्रिक मॉडेल बघा. इंजिन नाही, रेडिएटरची ती धगही नाही, तरी बॉनेट तेवढंच उंच, आणि उघडलं तर आत काय, चारशे लिटरची डिकी! मोकळी जागा झाकायला एवढी उंची. हे डिझाईन इंजिनासाठी नाही, आरशात बघणाऱ्या पुढच्या गाडीवाल्याने घाबरून बाजूला व्हावं म्हणून आहे, हे माझं मत, सिद्ध करता येणार नाही.

आणि सामान? एफ-१५० चार दारांची घेतली तर लांबी ५.९ मीटरच्या आसपास आणि मागचा हौदा साडेपाच फुटांचा. आपला छोटा हत्ती ३.८ मीटरचा, हौदा सात फुटी. पुण्यात घर बदलताना कपाट आडवं न करता त्यात गेलेलं मी बघितलंय. छोट्या हत्तीत ड्रायव्हरचे गुडघे हाच क्रंपल झोन (धडकेत चेपून झटका झेलणारा भाग) हे मान्य, आणि तो पाच टनाची बोट ओढणार नाही हेही मान्य, पण मावसभावाकडे बोट नाही. त्याच्या हौद्यात आत्तापर्यंत पटेलच्या किराणा दुकानातून आणलेली तांदळाची पोती आणि एकदा गणपतीचं मखर गेलंय.

मी डॅलसला असतो, लाँग वीकेंडला त्याच्याकडे गेलो तेव्हा टेप घेऊनच गेलो. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि समोर पिवळी बादली ठेवली, ४० सेंटीमीटर उंचीची. "दिसते?" "नाही." एक पाऊल मागे. "दिसते?" "कुठे ठेवलीयस नक्की?" असं करत करत बादलीची कड त्याला दिसली तेव्हा ती बॉनेटपासून सव्वातीन मीटरवर होती, आणि शेजारच्या ड्राईव्हवेमधला कुत्रा फिरवणारा माणूस थांबून आमच्याकडे बघत होता. हे समरूप त्रिकोणांचं गणित आहे, नववीतलं. डोळे जमिनीपासून १.७५ मीटरवर, बॉनेटची कड १.२ वर, दोघांत आडवं अंतर २.२. नजर दर मीटरला २५ सेंटीमीटर खाली उतरते. म्हणून जमीन दिसायला पावणेपाच मीटर पुढे जावं लागतं, आणि ९० सेंटीमीटरचं तीन वर्षांचं पोर सव्वा मीटरच्या आत असेल तर त्याचे केससुद्धा दिसत नाहीत. माझ्या जुन्या सेडानची कड ७२ वर आहे, तेच पोर बंपरला टेकून उभं असलं तरी डोकं दिसतं.

"कॅमेरा आहे ना," मावसभाऊ म्हणाला. आहे, आणि तो वापरावा. ऑटोमॅटिक ब्रेकचंही तसंच, आयआयएचएसनेच २०२२ मध्ये तपासलं होतं, पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी कमी होतात. पण रस्त्यावर दिवा नसलेल्या अंधारात फरक शून्य, आणि अमेरिकेत पादचारी मरतात ते बहुतेक अंधारातच. त्यामुळे जाहिरातीतलं "गाडीच तुमची काळजी घेते" हे वाक्य चाकाखालच्या लिंबाच्याच जातीचं आहे. लिंबू निदान सरबताला तरी आलं असतं. युरोपात २००५ पासून नव्या मॉडेलच्या नाकावर डमी पाय आणि डमी डोकं आपटून बघावंच लागतं. अमेरिकेत डोक्याच्या चाचणीचा प्रस्ताव २०२४ च्या सप्टेंबरात मांडला गेला. त्याचा नियम होईपर्यंत नाक किती उंच ते कंपनी ठरवणार आणि ती ठरवणार शोरूममध्ये काय खपतं त्यावर, फोर्डची एफ सिरीज (एफ-१५० त्यातलीच) तिथे चाळीसेक वर्षं सगळ्यात जास्त खपणारी गाडी आहे.

परत निघताना कळलं की त्याने लिफ्ट किटही बुक केलंय, तीन इंचांचं, अजून उंच करायला. त्याचं म्हणणं बिनतोड होतं, "डोळेही तीन इंच वर जातील ना, मग जास्तच दिसेल." घरी येऊन हिशोब केला. डोळे आणि बॉनेट दोन्ही साडेसात सेंटीमीटर वर, म्हणजे नजरेचा उतार तोच, फक्त कड आणखी उंच. पोर लपायचं अंतर सव्वा मीटरवरून दीड मीटर. आकृती काढून, बाण-बिण दाखवून फॅमिली ग्रुपवर न टाकता त्याला एकट्याला पाठवली.

दोन दिवसांनी त्याने अंगठा पाठवला. किट कॅन्सल केलं की नुसतं बघितलं, ते अजून विचारलेलं नाही.