‘जाझ’चं पान की ‘वेर्व’चं?

फ्रेंच चित्रकार आँरी मातीसच्या कातरकामाची, म्हणजे रंगवलेले कागद कापून केलेल्या चित्रांची, दोन प्रकारची छापील पानं बाजारात फिरतात आणि विकणारे, कधी अज्ञानाने तर कधी सोयीने, दोन्हींना ‘मातीसची ओरिजिनल प्रिंट’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही पॅरिसची, दोन्हींचा प्रकाशक तेरियाद, दोन्हींत तेच सपाट, धीट रंग. पण एक असतं १९४७ सालच्या ‘जाझ’ या पुस्तकातलं आणि दुसरं १९५८ साली निघालेल्या ‘वेर्व’ नियतकालिकाच्या ३५-३६ या जोडअंकातलं. पहिलं पोश्वार, दुसरं लिथोग्राफ. किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर.

पोश्वार म्हणजे स्टेन्सिल. रांगोळीचा छापा उंबऱ्याशी ठेवून वरून रंग पसरतो, तत्त्व तेच. इथे पातळ पत्र्याचे छापे कापत, प्रत्येक रंगाला वेगळा, आणि कारागीर दाट केसांच्या गोल ब्रशने त्यातून रंग थोपटत. म्हणजे रंग यंत्र लावत नाही, माणूस लावतो, प्रत्येक प्रतीवर नव्याने. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पॅरिसमध्ये या कामाचे कारखानेच होते. फॅशनची महागडी मासिकं त्यांच्यावर चालत. झाँ सोदे या कारागिराने १९२५ साली या तंत्रावर अख्खा ग्रंथ लिहिला.

‘जाझ’साठी हेच तंत्र का? १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीसच्या हालचालींवर मर्यादा आल्या. मदतनीस कागद गव्हाशने, म्हणजे पोस्टर कलरसारख्या अपारदर्शक जलरंगाने, रंगवून देत आणि तो कात्रीने आकार कापे. पोश्वारमध्ये नेमका तोच, लिनेल कंपनीचा गव्हाश वापरता येत होता. शाईने छापलं असतं तर रंग बदलला असता. काम एदमाँ व्हेरेल यांच्याकडे गेलं. चित्रं वीस, मातीसच्या हस्ताक्षरातल्या मजकुरासह पुस्तकाच्या २५० क्रमांकित प्रती आणि मजकुराविना १०० अल्बम. गंमत म्हणजे छापून आलेलं पाहून मातीस खट्टूच झाला. चिकटवलेल्या कागदाला जो थर असतो, जो जिवंतपणा असतो, तो सपाट झाला असं त्याला वाटलं. आज संग्राहक त्याच सपाट पानांवर जीव टाकतात.

लिथोग्राफ आपल्याला परका नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून घरोघरच्या देवघरांत पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वती दगडावरच्या याच छपाईतून आल्या. दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा. शाई तेलकट भागाला धरते, ओल्याला धरत नाही. ‘वेर्व’ची पानं मुर्लोच्या प्रसिद्ध छापखान्यात अशी छापली गेली. मातीस नोव्हेंबर १९५४मध्ये गेला होता, अंक आला त्यानंतर चार वर्षांनी. त्यात शेवटच्या वर्षांतली कातरकामं आहेत, ‘जाझ’मधली नव्हेत. ‘इकारस’ या, ग्रीक पुराणकथेतल्या आकाशातून पडणाऱ्या तरुणाच्या चित्राने मात्र गोंधळ वाढतो: ‘जाझ’मध्ये तो आहेच, पण ‘वेर्व’च्या १९४५च्या अंकातही एक पडणारा इकारस आहे, तो लिथोग्राफ.

ओळखायचं कसं? पान खिडकीजवळ न्या आणि तिरक्या उजेडात धरा. पोश्वारचा रंग कागदावर बसलेला दिसतो, मॅट, जरासा जाड; कडेला, छाप्याला अडून, बारीक वरंबा साचलेला असतो. भिंगाखाली ब्रशचे ठोके दिसतील, दोन रंगांच्या मध्ये कुठे केसाएवढी फट, कुठे एकावर एक चढलेली कड. लिथोग्राफची शाई कागदात मुरलेली असते, पातळ, थोडी रवाळ. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर दोन्ही नाही, ते ऑफसेटचं पोस्टर.

मापही बोलतं. ‘जाझ’च्या पानाची उंची ४२ सेंटिमीटरच्या आसपास, ‘वेर्व’ची ३५-३६ सेंटिमीटर. ‘वेर्व’च्या पानामागे अनेकदा दुसरं चित्र छापलेलं असतं. मधली घडी दोन्हींच्या जोडपानांवर सापडते, तिच्यावर विसंबू नका. आणि सुट्या ‘जाझ’च्या पानावर पेन्सिलीची सही असेल तर आनंदू नका, सावध व्हा: मातीसने सह्या केल्या त्या शेवटच्या, प्रतीचा क्रमांक असलेल्या पानावर.

‘वेर्व’चं पान दुय्यम म्हणून टाकाऊ नाही. मला त्यातली काही जास्त आवडतात, आणि खिशालाही ती समजून घेतात. फक्त लिथोग्राफच्या नावाने, लिथोग्राफच्या भावात घ्यावीत.

पोश्वार घेतलंच तर मुंबई-कोकणातल्यांनी जास्त जपायचं. गव्हाश पाण्यात विरघळतो. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की कड गेली. पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो, म्हणून फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवीच.