पॉइंट्सवर मालदीवच्या रिसॉर्टमध्ये मुक्काम: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

पॉइंट्स भरून मालदीवमधल्या रिसॉर्टची खोली मिळते. बेटापर्यंतचा प्रवास, तिथलं जेवण आणि सरकारी कर मात्र पैसे मोजूनच भरावे लागतात. हे ध्यानात न घेता आधी खोली आणि मग मिळेल ते विमान, अशा क्रमाने बुकिंग केलं की घोटाळा होतो. विमान संध्याकाळी सहाला उतरतं, बेटावर नेणारं सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) अंधारात उडत नाही, आणि पॉइंट्स भरलेली पहिली रात्र वाया जाते. म्हणून क्रम असा ठेवा: पॉइंट्स आणि खोलीची उपलब्धता, त्याच बैठकीत विमानाच्या वेळा, मग दोन्ही बुकिंग, नंतर बेटावर नेणाऱ्या वाहनाची नोंदणी आणि सर्वांत शेवटी इमिग्रेशनचा ऑनलाइन अर्ज.

पात्रता: खातं कोणाचं, नाव कोणाचं

हॉटेल साखळ्यांच्या पॉइंट्स योजनांचं सदस्यत्व मोफत असतं. मालदीवसाठी उपयोगी पडणाऱ्या मोठ्या योजना चार: मॅरियट बॉनव्हॉय, हिल्टन ऑनर्स, वर्ल्ड ऑफ हयात आणि आयएचजी वन रिवॉर्ड्स. सदस्यत्वाचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स हॉटेलच्या खात्यात वळवताना दोन्हीकडचं नाव वेगळं असेल, तर व्यवहार अडकतो. एकदा वळवलेले पॉइंट्स कार्डाकडे परत येत नाहीत, त्यामुळे हव्या त्या तारखांना रिवॉर्ड खोली (पॉइंट्सवर मिळणारी खोली) समोर दिसल्याशिवाय वळवण्याचं बटण दाबू नका. काही कार्डांकडून पॉइंट्स पोहोचायला दिवसच्या दिवस लागतात आणि तेवढ्यात खोली निघून जाते. मॅरियटमध्ये पॉइंट्स कमी असतानाही खोली धरून ठेवता येते, पण आगमनाच्या १४ दिवस आधीपर्यंत ते खात्यात जमा व्हायलाच हवेत.

घरातल्या दोघांचे पॉइंट्स एकत्र करण्याचे नियम योजनेनुसार बदलतात. हिल्टनमध्ये एकूण ११ सदस्य आपले पॉइंट्स विनामूल्य एकत्र आणू शकतात. हयातमध्ये असं एकत्रीकरण ३० दिवसांतून एकदाच करता येतं. मुदतही तपासा: मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर पॉइंट्स बाद होतात, तर आयएचजीच्या साध्या सदस्यांसाठी ही मुदत १२ महिन्यांचीच आहे. वर्ष-दीड वर्ष पुढच्या सहलीसाठी साठवण करणाऱ्यांनी मध्येच एखादा छोटा व्यवहार करून खातं जिवंत ठेवावं.

रात्री किती घ्यायच्या

इथे घाई करू नका, खरी बचत इथेच होते. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर सर्वांत कमी पॉइंट्सची एक रात्र मोफत मिळते. हिल्टनमध्ये पाचवी रात्र मोफत मिळते, मात्र सदस्याचा दर्जा किमान सिल्व्हर हवा आणि खोली ‘स्टँडर्ड रूम रिवॉर्ड’ या प्रकारातली हवी. त्याच बेटावरची महागडी खोली प्रचंड पॉइंट्स मागून ‘प्रीमियम’ म्हणून दाखवली जाते, तिच्यावर ही सवलत लागत नाही. हयातमध्ये अशी मोफत रात्र नाही.

सगळ्या रात्री एकाच बुकिंगमध्ये असाव्या लागतात. तीन रात्री एका बुकिंगमध्ये आणि दोन दुसऱ्यात, असं केलं की सवलत गेली. मॅरियटमध्ये मोफत रात्रीचं प्रमाणपत्र (पॉइंट्सऐवजी एका रात्रीसाठी द्यायचं कुपन) वापरलेली रात्र या पाचांत मोजली जात नाही, हेही पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतं.

समजा, एका रात्रीला ८० हजार पॉइंट्स लागतात. चार रात्रींचे ३ लाख २० हजार झाले, आणि पाचव्या रात्रीसहही तेवढेच. शिवाय बेटावर जाण्या-येण्याचं भाडं मुक्कामाला एकदाच लागतं. दोघांचं मिळून ते १,२०० डॉलर असेल तर तीन रात्रींच्या मुक्कामात रात्रीमागे ४०० डॉलर पडतात, पाच रात्रींत २४०. दोन-तीन रात्रींसाठी सी-प्लेनच्या बेटावर जाणं म्हणूनच परवडत नाही. तेवढीच सवड असेल तर माले विमानतळाजवळचं, स्पीडबोटीने गाठता येणारं बेट निवडा.

खोली शोधताना प्रवाशांची खरी संख्या आणि मुलांची वयं भरा. दोन प्रौढ लिहून बुकिंग करायचं आणि मुलाचं नंतर सांगायचं, ही चूक महागात पडते. पॉइंट्सवर मिळणाऱ्या मूळ खोलीची क्षमता ठरलेली असते आणि तिसऱ्या माणसासाठी वेगळं शुल्क लागू शकतं. ही मूळ खोली बहुतेक बेटांवर किनाऱ्यावरचा व्हिला असते. पाण्यावरचा व्हिला हवा असेल तर फरक किती, हे रिसॉर्टला ईमेल करून आधी लेखी विचारून घ्या.

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम. नाताळ आणि नववर्षाच्या आसपास पॉइंट्सवरच्या खोल्या फार थोड्या सुटतात, किमान रात्रींची अट असते आणि अनेक रिसॉर्ट २४ व ३१ डिसेंबरचं जेवण सक्तीचं करून त्याचे पैसे वेगळे लावतात. मे ते ऑक्टोबर या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल्या तुलनेने सहज मिळतात. बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचा कडं करून असलेला समूह) हनिफारू उपसागरात मांटा मासे जमतात तेही साधारण याच काळात, त्यामुळे पावसाची तयारी असलेल्यांनी हे महिने जरूर विचारात घ्यावेत. हयातचं बुकिंग १३ महिने आधी उघडतं. कोरड्या हंगामातल्या तारखा हव्या असतील तर त्या सुमारासच शोध सुरू करा.

पॉइंट्समध्ये काय येत नाही

बहुतेक योजनांत खोलीचं मूळ भाडं आणि त्यावरचा कर पॉइंट्समध्ये येतो. ग्रीन टॅक्स (पर्यटकांवरचा पर्यावरण कर) वेगळा भरावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी, दर रात्री १२ डॉलर आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना माफ. दोघांचे पाच रात्रींचे १२० डॉलर झाले.

बेटावर जे काही खाल-प्याल त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि या दोन्हींच्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन वस्तू व सेवा कर लागतो. हा दर १ जुलै २०२५ पासूनचा आहे, त्याआधी १६ टक्के होता. मेनूवर १०० डॉलर लिहिलेलं जेवण बिलात १२८ डॉलर ७० सेंटचं होतं. बेटावर बाहेरचं हॉटेल किंवा दुकान नसतं, म्हणून न्याहारी फुकट मिळते की नाही यावर अंदाजपत्रक हलतं. हिल्टनमध्ये गोल्ड आणि डायमंड सदस्यांना मालदीवमध्ये न्याहारी मिळते, हयातमध्ये ग्लोबलिस्ट (सर्वांत वरचा दर्जा) सदस्यांना. मॅरियटच्या प्लॅटिनम सदस्यांना अनेक ब्रँडमध्ये मिळते, पण रिट्झ-कार्लटनमध्ये नाही. दर्जा नसेल तर जेवणाच्या योजनेचे दर आगमनापूर्वी मागवा आणि त्यात सेवा शुल्क व कर धरलेत का, हे स्पष्ट विचारा.

विमानाचं तिकीटही पॉइंट्सवर काढलं असेल तर मालदीवमधून निघतानाची दोन शुल्कं तरी पॉइंट्सऐवजी पैशातच भरावी लागतात: निर्गमन कर आणि विमानतळ विकास शुल्क. १ डिसेंबर २०२४ पासून परदेशी प्रवाशाला इकॉनॉमीत प्रत्येकी ५० म्हणजे एकूण १०० डॉलर आणि बिझनेसमध्ये प्रत्येकी १२० म्हणजे एकूण २४० डॉलर पडतात. ती तिकिटातच घेतली जातात, विमानतळावर वेगळी मागत नाहीत.

बेटावर नेणारं वाहन

स्पीडबोटी सहसा रात्रीही चालतात. रिट्झ-कार्लटन फारी आयलंड्स किंवा शेरटन फुल मून यांसारखी उत्तर माले अटॉलमधली बेटं म्हणून उशिराच्या विमानालाही सोयीची. पार्क हयात हडहासाठी कूड्डूपर्यंत देशांतर्गत विमान आणि पुढे स्पीडबोट लागते; हे विमान अंधारातही उतरू शकतं. कॉनराड रंगाली, सेंट रेजिस वोम्मुली, अलीला कोठाईफारू अशा बेटांसाठी मात्र सी-प्लेन, आणि ते फक्त दिवसाउजेडी.

सी-प्लेन पाण्यावर उतरतं, वैमानिकाला लाटा डोळ्यांनी दिसाव्या लागतात, म्हणून ही अट कधीच सैल होत नाही. सूर्यास्तापूर्वी ते बेटावर पोहोचायला हवं. वेलाना या मालेच्या विमानतळावर दुपारी साडेतीनच्या आत उतरणारं विमान निवडा, आणि दोनच्या आतलं मिळालं तर अधिक चांगलं, कारण इमिग्रेशन, सामान आणि सी-प्लेनच्या टर्मिनलपर्यंतची बस यांत दीड तास सहज जातो. उशिराचंच विमान मिळत असेल तर पहिली रात्र विमानतळाशी रस्त्याने जोडलेल्या हुलहुमालेत साध्या हॉटेलात काढा आणि पॉइंट्सची रात्र दुसऱ्या दिवसापासून धरा. परतीलाही हेच गणित: सकाळी नऊच्या आतलं आंतरराष्ट्रीय विमान त्या दिवशीच्या सी-प्लेनने गाठता येत नाही.

सी-प्लेनचं परतीसह भाडं प्रौढ व्यक्तीला साधारण ४०० ते ७०० डॉलर पडतं, बेटाच्या अंतरानुसार. नोंदणी रिसॉर्टमार्फतच होते. विमानाचा क्रमांक, आगमन-निर्गमनाची वेळ, सर्वांची पासपोर्टप्रमाणे नावं आणि मुलांच्या जन्मतारखा त्यांना लेखी कळवा. उड्डाणाची नेमकी वेळ साधारण आदल्या दिवशीच कळते, आधी आग्रह धरून उपयोग नाही. सामानाची मर्यादा माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो. आंतरराष्ट्रीय विमानाने ३० किलो दिले म्हणून तेवढं भरून आणलं, तर वरच्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात.

कागदपत्रं

मालदीवचा ३० दिवसांचा पर्यटक व्हिसा विमानतळावर मोफत मिळतो, आधी अर्ज करावा लागत नाही. त्यासाठी जवळ हवं ते असं:

- यंत्राने वाचता येणारा पासपोर्ट. मालदीव इमिग्रेशनची अट किमान एक महिना वैधतेची आहे, तरी सहा महिने शिल्लक ठेवा; वाटेतला देश किंवा विमान कंपनी तेवढी मागू शकते.
- परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं पक्कं तिकीट.
- संपूर्ण मुक्कामाचं बुकिंग. हुलहुमालेतली एक रात्र असेल तर तिचंही.
- खर्चासाठी पुरेसे पैसे असल्याचा पुरावा.
- प्रवासी घोषणापत्राचा, म्हणजे इमिग्रेशनच्या ऑनलाइन अर्जाचा क्यूआर कोड.
- पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून येत असाल तर लसीचं प्रमाणपत्र.

पॉइंट्सच्या बुकिंगबाबत एक गोष्ट नीट बघा. त्याच्या कन्फर्मेशनमध्ये रकमेच्या जागी शून्य किंवा नुसते पॉइंट्स दिसतात, कधी फक्त खातेदाराचं नाव असतं. सोबतच्या प्रौढ व्यक्तीचं नाव बुकिंगमध्ये घालून घ्या आणि रिसॉर्टचं नाव, तारखा, कन्फर्मेशन क्रमांक असलेली प्रत छापून ठेवा. ॲपमधलं पान विमानतळावर इंटरनेट नसेल तर उघडत नाही.

घोषणापत्र: इमुगा

हा अर्ज इमुगा नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. विमान सुटण्याच्या आधीच्या ९६ तासांतच तो भरता येतो. त्याहून आधी भरायला गेलात तर घेतला जात नाही. शुल्क काहीही नाही. नक्कल करणारी संकेतस्थळं यासाठी पैसे मागतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट एमव्ही’ आहे ना, हे पाहूनच माहिती भरा. पैसे मागितले की पान बंद करा.

लहान मुलांसह प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र. पासपोर्टचं माहितीचं पान, चेहऱ्याचा फोटो, विमानाचा तपशील आणि मुक्कामाचं ठिकाण तयार ठेवा. पासपोर्टचं पान चमक न येता, चारही कडा दिसतील असं टिपा. खालच्या दोन ओळी कापल्या गेल्या तर माहिती वाचली जात नाही. पासपोर्ट क्रमांकातलं शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. वाटेत विमान बदलत असेल तर मालदीवमध्ये उतरणाऱ्या विमानाचा क्रमांक लिहा, पहिल्या टप्प्याचा नाही. अर्ज सादर झाला की क्यूआर कोड येतो, तो फोनमध्ये फोटो म्हणून जपून ठेवा. विमान कंपनी चेक-इनलाच तो मागते.

सामानात मद्य, डुकराचं मांस, पूजेच्या मूर्ती आणि ई-सिगारेट नेता येत नाहीत. ई-सिगारेट आणण्यावर १५ नोव्हेंबर २०२४ पासून बंदी आहे. वाटेत ड्युटी-फ्रीमधून मद्याची बाटली घेऊ नका, ती विमानतळावर जमा करून घेतली जाते. डॉक्टरांनी दिलेली औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या.

मालदीव सोडतानाही हेच घोषणापत्र पुन्हा भरावं लागतं, तेही विमानाच्या आधीच्या ९६ तासांत. बेटावर असतानाच, शेवटच्या रात्रीच्या आदल्या दिवशी ते भरून टाका. काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणून सी-प्लेनची निघण्याची वेळ लिहून घेताना ती बेटाची की मालेची, हे स्वागतकक्षात विचारून घ्या.