छोटी गाठ, सुईचा इलाज

पहाटे दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. काहीतरी गोड पोटात गेलं की थोड्याच वेळात पुन्हा ताळ्यावर. अशा रुग्णांवर फिट्सचा किंवा मानसिक आजाराचा शिक्का बसतो आणि त्यात वर्षं वाया जातात. मूळ दुखणं मात्र स्वादुपिंडात असू शकतं: इन्शुलिनोमा. ही गाठ बहुधा एकच, दोन सेंटिमीटरहून लहान आणि दहातल्या नऊ जणांत कर्करोगाची नसलेली. रक्तातली साखर कितीही घसरो, ही गाठ साखर उतरवणारं इन्शुलिन सोडतच राहते.

निदानासाठी रुग्णाला दवाखान्यात दाखल करून जास्तीत जास्त ७२ तास उपाशी ठेवतात. साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावरही रक्तात इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड सापडलं, की संशय बळावतो. सी-पेप्टाइड महत्त्वाचं, कारण ते शरीराने स्वतः बनवलेल्या इन्शुलिनसोबतच येतं. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनमध्ये ते नसतं.

१९२९ मध्ये टोरांटोत सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. तेव्हापासून शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय. आता ती पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतूनही होते. पण स्वादुपिंड मोठं नाजूक. त्याला धक्का लागला की पाचकरस झिरपतो आणि दवाखान्यातला मुक्काम लांबतो.

म्हणून सुईचा मार्ग. तोंडातून जठरात उतरवलेल्या एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो. जठराला खेटूनच स्वादुपिंड असल्याने गाठ पडद्यावर स्पष्ट दिसते. मग जठराच्या भिंतीतून सुई थेट गाठीत घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने ती जाळतात. पोटावर एकही टाका नाही. साखर अनेकदा काही तासांतच सावरते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही उपचारांच्या प्रत्येकी ८९ रुग्णांची तुलना झाली. शस्त्रक्रियेने सगळ्यांचा त्रास थांबला, सुईने ९५.५ टक्क्यांचा. गुंतागुंत मात्र शस्त्रक्रियेत ६१.८ टक्के, सुईत १८ टक्के. हा फरक मला फार मोठा वाटतो, विशेषतः वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांसाठी.

तरी भुलून जायला नको. सुईनंतर काहींत गाठ पुन्हा डोकं वर काढते. जळालेली गाठ अख्खी तपासायला पॅथॉलॉजिस्टच्या हाती येत नाही. गाठ स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेला चिकटून असेल तर उष्णतेने नलिकाच भाजण्याची भीती असते. मोठ्या किंवा पसरलेल्या गाठीसाठी आजही सर्जनकडेच जावं लागतं.