खानदेशातील युद्धोत्तर पोलीस व फौजदारी व्यवस्था

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर (१८१७–१८) खानदेशात रक्षण, तपास व शिक्षा यांची जी नवी घडी बसविण्यात आली तिचा विचार या नोंदीत केला आहे. या घडणीची सुरुवात सामान्यतः १८१८ पासून धरतात. ती केव्हा पूर्ण झाली याविषयी मात्र एकवाक्यता नाही. मुंबई इलाख्याच्या ग्रामपोलीस कायद्यापर्यंत (१८६७) हा कालखंड मानणे सोयीचे आहे. त्या काळातील खानदेशात आजच्या धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांबरोबर मालेगाव-बागलाणचा प्रदेशही मोडत असे. तो १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा वेगळा निघाला.

मंदसोरच्या तहाने (६ जानेवारी १८१८) होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला. पेशव्यांकडील परगणे त्याच वर्षी हस्तगत झाले. कागदावरील हे सत्तांतर प्रत्यक्षात मात्र रक्तपातानेच घडले. थाळनेरच्या किल्लेदाराने तह होऊनही प्रतिकार केला, या कारणावरून २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉप याने त्याला फाशी दिले आणि शिबंदीची (किल्ल्यावरील सैनिकांची) कत्तल झाली. किल्ल्याच्या आतील दरवाजात दोन इंग्रज अधिकारी मारले गेल्याने कत्तल भडकली, असे समर्थन करण्यात आले. तथापि किल्लेदाराला कोणत्याही चौकशीविना दिलेल्या फाशीवर ब्रिटिश पार्लमेंटमध्येही टीका झाली. नव्या सत्तेचा खानदेशातील पहिला ठळक ‘न्याय’ अशा प्रकारचा होता, ही गोष्ट नंतरच्या सुव्यवस्थेच्या वर्णनांत सहसा वगळली जाते. ती वगळणे योग्य नाही. मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिबंदीने महिन्याभराच्या वेढ्यानंतर जून १८१८ मध्ये शरणागती पत्करली.

दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने कॅप्टन जॉन ब्रिग्ज याची खानदेशावर पोलिटिकल एजंट म्हणून नेमणूक केली. ब्रिग्जने धुळे हे ठाणे निवडले आणि तेथे नवी पेठ वसविली. एल्फिन्स्टनचे धोरण जुनी व्यवस्था शक्य तितकी राखण्याचे होते. त्याच्या १८१९ च्या अहवालात गावपातळीवरील रक्षणव्यवस्थेचे जे वर्णन आहे ते आजही या विषयाचा प्रमुख आधार मानले जाते. गावचा पाटील हा रक्षणाचा प्रमुख व जागल्या हा त्याचा प्रत्यक्ष हात. खानदेशात जागल्या बहुधा भिल्ल असे. चोरी झाली की तो पावलांचा माग धरी, पाऊल मोजून घेई आणि माग गावशिवेपर्यंत नेई. पुढच्या गावाच्या जागल्याची खात्री पटली म्हणजे माप त्याच्या हवाली होई व जबाबदारीही त्याच्यावर जाई. माग ज्या गावात हरवेल त्या गावाने चोर हजर करावा किंवा मालाची भरपाई द्यावी, असा संकेत होता. या कामाबद्दल जागल्याला धान्याचा वाटा व ठरावीक हक्क मिळत. म्हणजे तपास, जामीनकी आणि भरपाई या तिन्ही गोष्टी एकाच साखळीत गुंफलेल्या होत्या, आणि त्या साखळीची भिस्त गावाने हक्क वेळेवर देण्यावर होती.

ही साखळी युद्धापूर्वीच तुटली होती. १८०२ ते १८०४ या काळातील होळकरांच्या स्वाऱ्या व त्यापाठोपाठचा दुष्काळ यांनी गावे ओस पडली. पेंढारी व अरब यांचा उपद्रव वाढला. हक्क बुडाले आणि रक्षक म्हणून नेमलेले भिल्ल नाईक (टोळ्यांचे प्रमुख) डोंगरांत जाऊन खाली धाडी घालू लागले. या धाडींचे स्वरूप काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना सरसकट लूटमार ठरविले. अलीकडील अभ्यासक असे दाखवून देतात की, डोंगरातील नाईकांना खालच्या गावांकडून मिळणारा गिरास (ठरावीक देणे) हा त्यांच्या दृष्टीने राजकीय अधिकार होता आणि धाड हा तो वसूल करण्याचा परिचित मार्ग होता. दुसरे मत खानदेशाच्या पुराव्याशी अधिक जुळते, कारण नव्या सरकारने हक्क चालू केले तेथे धाडी कमी झाल्याचे त्याच अधिकाऱ्यांच्या लेखनावरून दिसते. तरीही या धाडींत गरीब कुणब्यांची गुरे व बी-बियाणे गेले आणि माणसे मेली, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ब्रिग्जने बळ व सलोखा हे दोन्ही उपाय एकत्र चालविले. एकीकडे डोंगराकडे जाणारे धान्य अडवून नाकाबंदी केली, घाटांवर चौक्या बसविल्या, पकडलेल्या नाईकांना फाशी दिली. दुसरीकडे शरण येणाऱ्यांना माफी व नेमणुका दिल्या. यश टिकले नाही. एक नाईक मारला गेला की दुसरा उभा राही, आणि फौजेतील शिपाई सातपुड्याच्या हवेने तापाला बळी पडत.

यातूनच १८२५ चे नवे धोरण पुढे आले व भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार पाहणाऱ्या एजंटांची कार्यक्षेत्रे, स्थापन झाल्या. या धोरणाचे श्रेय कोणाचे, हा वादाचा मुद्दा आहे. लोकप्रिय लेखनात ते पूर्णपणे लेफ्टनंट जेम्स औट्रम (१८०३–६३) याला दिले जाते. मात्र हक्कांची पुनर्स्थापना व माफी ही तत्त्वे ब्रिग्जच्या काळापासून चालत आलेली होती, आणि भिल्लांचीच पलटण उभारण्याचा निर्णय एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, खानदेशचा कलेक्टर आर्चिबाल्ड रॉबर्टसन याच्या कारकिर्दीत झाला. त्यामुळे औट्रमकडे कल्पनेचे नव्हे, तर ती तडीस नेण्याचे श्रेय जाते असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. पलटणीच्या स्थापनेचे वर्षही काहीसे संदिग्ध आहे: आज्ञा १८२५ ची असली तरी भरती पुढील वर्षभर रेंगाळली, स्थापना १८२५ धरण्याचा प्रघात आज्ञेवर आधारलेला आहे.

औट्रमची रीत प्रथम बळाची व मग सलोख्याची होती, आणि हा क्रम विसरता कामा नये. त्याने आधी डोंगरातील वस्त्यांवर अचानक छापे घालून माणसे पकडली, त्यांच्या नातलगांकरवी नाईकांशी बोलणी लावली, आणि नंतर तो निःशस्त्र त्यांच्यात वावरू लागला. शिकारीतील त्याच्या धाडसाचा प्रभाव पडला. भरती झालेल्यांना आपल्याला फसवून कैद करतील अशी धास्ती दीर्घकाळ होती. पलटण मालेगावच्या छावणीत प्रथम गेली तेव्हा औट्रमच्या मूळ रेजिमेंटमधील उच्चवर्णीय शिपायांनी या भिल्लांची टवाळी केली नाही. उलट आपल्यात बसवून पानसुपारी दिली. खानदेशच्या गॅझेटियरसह (१८८०) बहुतेक इंग्रजी वृत्तान्तांत हा प्रसंग पलटणीच्या यशाचे गमक म्हणून येतो. त्याला थोडे अधिक वजन दिले गेले असावे, परंतु ज्यांना गावशिवेबाहेर ठेवले जाई त्यांना सरकारी चाकर म्हणून मिळालेला हा मान खरोखर नवा होता. पलटणीचे ठाणे धरणगाव येथे होते. याच नमुन्यावर पुढे माळवा व मेवाड येथे भिल्ल पलटणी उभारण्यात आल्या.

एजन्सी तीन होत्या: वायव्य, ईशान्य व दक्षिण. दक्षिणेकडील एजन्सीत चाळीसगाव-कन्नड घाटाच्या परिसरात ओव्हन्स या अधिकाऱ्याने भिल्लांच्या शेतकरी वसाहती वसविल्या. त्यांना बैल, बियाणे व तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) दिली. एजंटाकडे दंडाधिकाऱ्याचे अधिकारही असत. मागील गुन्ह्यांना माफी, नावांची नोंद, हक्कांची निश्चिती आणि किरकोळ गुन्ह्यांचा जागेवरच निवाडा, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. तपास करणारा, पकडणारा व शिक्षा देणारा हात एकच असल्याने काम जलद होई. दाद मागण्याची सोय मात्र क्षीण राही. शिक्षा झालेल्या भिल्लांची बाजू नोंदींत जवळपास येत नाही, आणि स्त्रियांचा उल्लेख ओलीस किंवा मध्यस्थ म्हणूनच आढळतो.

कायद्याची लिखित चौकट १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांनी आली. पेशवाईत फौजदारी शिक्षा संहितेवर नव्हे, तर अधिकाऱ्याच्या दर्जावर व परिपाठावर ठरत. हात तोडण्यासारख्या शिक्षाही दिल्या जात. नव्या संहितेने गुन्हे व शिक्षा यांची वर्गवारी केली आणि कलेक्टरला दंडाधिकारी केले. दिवाणी वादांत पंचायत काही काळ टिकली. फौजदारीत तिला फारसे स्थान उरले नाही.

शतकाच्या मध्यास या व्यवस्थेची कसोटी लागली. १८५२ मध्ये जमीनमोजणीविरुद्ध सावदा, यावल, फैजपूर व एरंडोल भागात शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा पुढाऱ्यांना पकडण्यासाठी भिल्ल पलटणच वापरण्यात आली. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती त्या खाज्या नाईकाची हकिकत अधिक बोलकी आहे. आग्रा रस्त्यावरील प्रवाशांचे त्याने दीर्घकाळ रक्षण केले. १८५० च्या सुमारास त्याच्या ताब्यातील एका संशयिताचा मारहाणीने मृत्यू झाला आणि त्याला कारावास झाला. मुदतीपूर्वी सुटून तो पुन्हा नोकरीवर घेतला गेला, पण १८५७ मध्ये भीमा नाईकासह बंडात उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे सरकारी फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. ताब्यातील माणसाच्या मृत्यूबद्दल घाटरक्षकाला शिक्षा होते हे नव्या कायद्याचे निःसंशय श्रेय होय. पण घाटावरचा त्याचा अधिकार सरकार हक्क मानते की केवळ पगारी चाकरी, याचा उलगडा कायद्याने कधी केला नाही, आणि बंडाची मुळे त्यातच शोधावी लागतात.

१८५३ च्या सुधारणेने पोलिसांवर जिल्हा अधीक्षक नेमले गेले. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाला किरकोळ मारहाण व शिवीगाळ यांबद्दल चोवीस तासांपर्यंत चावडीत अटकेत ठेवण्याचा अधिकार दिला. भिल्ल पलटण १८९१ मध्ये वेगळे अस्तित्व गमावून जिल्हा पोलिसांत विलीन झाली. वंशपरंपरागत पाटीलकी १९६० नंतर संपली. आजचा पोलीस पाटील महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमला जातो, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या अनेक गावांत तो भिल्ल, पावरा किंवा तडवी समाजातील असतो.