‘मुलाखती म्हणजे पारावरच्या गप्पा’? नाही हो!

संभाजीनगर असो की नांदेड, एक समज वर्षानुवर्षं ऐकतोय: उपचारांच्या चाचणीत आकडेच खरे; मुलाखती, गटचर्चा म्हणजे पारावरच्या गप्पा. हा समज चुकीचा आहे.

आपल्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. 52 गावगट, 1,31,746 बायका. 2009 मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीच्या एका फेरीनेही मृत्यू घटतात. हे आकड्यांनीच सिद्ध होतं, मान्य. पण बोलावूनही एखादी बाई तपासणीला येत नाही, ती का? मजुरी बुडते, ऊसतोडीला गेली, की सासूला विचारायचं राहिलं? हे तिच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

ब्रिटनमधल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार होतं. बरेच रुग्ण तयार होईनात. संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकलं. ‘वॉचफुल वेटिंग’ (लगेच उपचार न करता लक्ष ठेवणं) म्हणजे डॉक्टर आपल्याला मरताना बघत बसणार, असं लोकांना वाटत होतं! शब्द बदलून ‘अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरिंग’ (सक्रिय देखरेख) केला, समजावण्याची पद्धतही सुधारली. वर्षभरात होकार 40 टक्क्यांवरून 70 वर गेला.

‘पंचवीस जणांशी बोलून काय सिद्ध होणार?’ असं विचारतात. अहो, इथं टक्केवारी काढायचीच नसते, कारणं शोधायची असतात. मुलाखतींमुळे चाचणीच बिघडेल, ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. म्हणूनच मुलाखत घेणारा शक्यतो उपचार करणाऱ्यांपैकी नसावा.