हिवाळ्यात स्विमिंग टँक बंद करताना क्लोरीन सांभाळणे

थंडी पडली की टँकवरची गर्दी ओसरते, सकाळची बॅच चार-पाच जणांवर येते, आणि मग दिवाळीनंतर ते साधारण शिवरात्रीपर्यंत पुष्कळ ठिकाणी टँक बंद ठेवतात. या तीन-चार महिन्यांत टँकमध्ये जे पाणी उभं राहतं त्यात क्लोरीन किती ठेवायचं, ते कशानं उडतं, आणि पाणी हिरवं न पडता पुढच्या सीझनला वापरता येईल असं कसं राखायचं, हा या नोंदीचा विषय. सातारा-सांगली भागात पोहणं म्हणजे पिढ्यानपिढ्या विहीर नाहीतर कृष्णेचा घाट, पाठीला पांगऱ्याचा बिंडा किंवा डबा बांधून. तिथं पाणी वाहतं किंवा झऱ्यानं बदलत राहतं. टँकचं पाणी मात्र तेच ते असतं, त्यामुळं त्याची राखण माणसालाच करावी लागते.

क्लोरीन कंपन्यांच्या माहितीपत्रकात टँक बंद करायची जी पद्धत असते ती बर्फ पडणाऱ्या देशांची असते. तिकडं पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून पाइपातलं पाणी हवेनं बाहेर काढतात, गोठू नये म्हणून औषध घालतात, वर जाड कव्हर टाकतात आणि सरळ वसंत ऋतूत उघडतात. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की शेवाळाची वाढ खूप मंदावते, त्यामुळं शेवटचा एक डोस तिथं बरेच दिवस पुरतो. आपल्याकडं पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरला तरी दुपारी २८-३० ला जातो. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर हिमकण दिसल्याची बातमी दरवर्षी येते, पण ते गवतावर आणि गाडीच्या टपावर, सकाळच्या उन्हात लगेच विरघळणारे, त्यानं टँक गोठत नाही. म्हणजे शेवाळ आपल्याकडं झोपतच नाही, फक्त जरा हळू वाढतं. म्हणून माझं ठाम मत असंय की सातारा-सांगलीत टँक माणसांसाठी बंद करावा, पंपासाठी आणि क्लोरीनसाठी बंद करू नये. रोज तास-दोन तास पाणी फिरवलं आणि आठवड्यातून एकदा तपासलं तर खर्च किरकोळ येतो, आणि हिरवं पडलेलं पाणी परत आणायला त्याच्या कितीतरी पट लागतो.

क्लोरीन खाणाऱ्या गोष्टी भागाप्रमाणं बदलतात. ऊन तर सगळीकडंच आहे, स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) नसलेल्या पाण्यातलं बरंचसं क्लोरीन कडक उन्हात काही तासांत उडून जातं. पाचगणीकडं सिल्व्हर ओकचा पाला पडतो, तो तळाशी कुजतो आणि क्लोरीन त्यातच संपतं. सांगली, वाळवा, कराड पट्ट्यात नेमका हिवाळ्यातच ऊसतोडीचा हंगाम असतो, फड पेटवला किंवा पाचट जाळलं की काळी काजळी वाऱ्यानं मैलभर उडते, अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तशीच टँकमध्येही पडते. त्यात पक्ष्यांची विष्ठा आणि अवकाळी पाऊस. आणि जवळपास शेतात युरिया टाकलेला असेल आणि ते पाणी वाहून टँकमध्ये आलं तर क्लोरीन टिकतच नाही, कारण युरियातून पाण्यात अमोनिया येतो आणि त्याच्या दर एका पीपीएमला (एका लिटरला १ मिलिग्रॅमला) साधारण ८ ते १० पीपीएम क्लोरीन खर्ची पडतं. म्हणून आधी जाळीनं पाला काढायचा, भिंतींना ब्रश मारायचा, तळ व्हॅक्यूम करायचा, फिल्टरला बॅकवॉश द्यायचा (पाणी उलटं फिरवून फिल्टर धुवायचा) आणि मगच क्लोरीनला हात घालायचा, घाणीवर क्लोरीन मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर पीएच, म्हणजे पाणी किती ॲसिडिक आहे याचं माप. क्लोरीन पाण्यात गेल्यावर दोन रूपांत राहतं, एक जंतू मारणारं तेज रूप आणि एक त्याच्या मानानं फार मंद. पीएच ७.५ च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे असतात, आणि पीएच ८ ला गेला की तेज रूप एक चतुर्थांशाच्या आसपासच उरतं, म्हणजे पैसे पूर्ण आणि काम पाव. बोअरचं पाणी भरलेल्या टँकमध्ये पीएच चढाच असतो आणि टाइल्सवर पांढरा क्षारही धरतो, तेव्हा ७.२ ते ७.६ मध्ये आणूनच पुढं जावं.

हिशोब सोपा आहे. १ पीपीएम म्हणजे एका लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे १ लाख लिटरला १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणजे तेवढ्यासाठी ३०० ग्रॅम पावडर लागते, १० टक्क्यांचं लिक्विड हायपोक्लोराइट असेल तर साधारण १ लिटर, आणि टीसीसीए ९० (टँकसाठीच्या ९० टक्के क्लोरीनच्या गोळ्या-दाणे) असेल तर १११ ग्रॅम. एरवी टँकमध्ये १ ते ३ पीपीएम ठेवतात, बंद करताना मात्र एकदा १० पीपीएमपर्यंत नेतात, यालाच शॉक मारणं म्हणतात. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल टँक ७० हजार लिटरचा, त्याला ७०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताजी पावडर २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. पण पावडर ताजी पाहिजे, हे महत्त्वाचं. ओलाव्यात तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यातली पावडर महिन्या-महिन्याला उतरत जाते, वास येतो म्हणून जोर आहे असं समजू नये. पावडर बादलीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी टँकमध्ये सोडायची, नाहीतर तळाला चुन्याचा थर बसतो.

शॉक सूर्य मावळल्यावरच मारायचा आणि पंप रात्रभर चालू ठेवायचा. पुरेसा झाला की नाही हे ओळखायची एक भरवशाची रीत आहे. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचं आणि ऊन पडायच्या आत पहाटे परत मोजायचं. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं असेल तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे, दुसऱ्या संध्याकाळी परत मारायचं. उतरलं नाही तरच पाणी बंद करायला तयार झालं असं धरायचं.

आता सगळ्यात जपून वाचायची गोष्ट. आपल्याकडं ग्रामपंचायतीपासून सगळे ब्लिचिंग पावडरला टीसीएल म्हणतात, आणि टँकवाल्यांच्या गोळ्या-दाण्यांचं नाव टीसीसीए. नावं जवळजवळ सारखी, दोन्ही पांढरे, दोन्हीला क्लोरीनचा वास, आणि दोन्ही पंपरूमच्या एकाच कोपऱ्यात ठेवलेले. ही दोन एका बादलीत, एका डब्यात, अगदी एका चमच्यानंसुद्धा एकत्र आली तर विषारी वायू सुटतो, पेट घेऊ शकतो, स्फोटही होऊ शकतो. तसंच ब्लिचिंगवर ॲसिड कधीही पडता कामा नये. पावडर पाण्यात घालायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. क्लोरीन वायू हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, तो खाली बसतो, म्हणून खड्ड्यातल्या पंपरूममध्ये घुसमटायला लागलं तर सगळं टाकून बाहेर, उंचावर आणि वारा जिकडून येतो तिकडं तोंड करून जायचं. दोन्ही मालाची खोली वेगळी ठेवा, निदान डब्यांवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, कामाला येणारा पोरगा ते वाचून वाचेल.

टीसीसीएचा आणखी एक गुण-दोष आहे. त्यातून दर १ पीपीएम क्लोरीनमागं ०.६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात राहतं. हेच स्टॅबिलायझर, ते ३० ते ५० असलं तर क्लोरीन उन्हात टिकतं. पण सगळा उन्हाळा नुसत्या गोळ्यांवर काढला तर ते शंभरावर जातं, आणि मग किटवर ३ पीपीएम दिसतंय तरी भिंतीला हिरवं धरतंय असं होतं, कारण शंभर स्टॅबिलायझर असेल तर ७-८ पीपीएम क्लोरीन पाहिजे. याला औषध नाही, थोडं पाणी काढून नवीन भरणं एवढाच उपाय, आणि त्यासाठी बंद करायची वेळ चांगली. काढलेलं पाणी पिकाला द्यायचं असेल तर आधी उन्हात उघडं ठेवून क्लोरीन उतरवून घ्यावं. टँक पूर्ण रिकामा मात्र करू नये, काळ्या मातीत खालच्या पाण्याच्या दाबानं तळ उचलतो.

वाईच्या अलीकडं आमच्या पाहुण्यांचा असाच ७० हजार लिटरचा टँक आहे. एका वर्षी बंद करताना आम्ही स्किमरच्या (भिंतीतलं पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) टोपलीत तीन मोठ्या गोळ्या टाकल्या, पंप बंद केला, वर ताडपत्री ओढली आणि निर्धास्त झालो. संक्रांतीनंतर ताडपत्री काढली तर दुसरी पायरी दिसत नव्हती, पाणी हिरवंगार. स्किमरच्या तोंडाशी मात्र टाइल्सचा निळा रंग उडून पांढरा पट्टा पडला होता आणि टोपलीखालचे स्क्रू गंजून हातात आले. गोळीचं पाणी चांगलंच ॲसिडिक असतं, पंप बंद असल्यानं ते तिथंच साचलं, आणि बाकीच्या टँकला क्लोरीन मिळालंच नाही. पाच संध्याकाळी शॉक मारला तेव्हा तळ दिसला.

मोजायला गावात ओटी टेस्टचे पिवळे थेंब सहज मिळतात, पण त्यात एकूण क्लोरीन दिसतं, कामाला आलेलंही आणि उरलेलंही. उरलेलं मोकळं क्लोरीन बघायला गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्यावं. शॉकनंतर डीपीडीत रंगच आला नाही तर लगेच शून्य समजू नका, फार जास्त क्लोरीन गुलाबी रंगच उडवतं, नमुन्यात साधं पाणी मिसळून परत बघा.

तासगाव-मिरजेकडं द्राक्षवाल्यांच्या घरात बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) असतोच, आणि शेवाळावर तो टँकमध्ये टाकायचा मोह होतो. शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यातच राहतं, टाइल्सवर निळे-काळे डाग पडतात, पांढऱ्या केसांना हिरवट झाक येते, आणि ते पाणी ओढ्याला सोडलं तर मासे मरतात. टँकसाठीचं शेवाळनाशक वापरावं, तेही क्लोरीन ५ पीपीएमच्या खाली आल्यावर, नाहीतर क्लोरीनच त्याला खाऊन टाकतं. कव्हरही तेव्हाच टाकावं, कडक क्लोरीननं ताडपत्री कुजते.

ज्यांना पंप चालवणं शक्यच नाही त्यांनी डासांचं बघावं. डेंग्यूचा डास स्वच्छ उभ्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण ८-१० दिवसांत तयार होतो. गप्पी मासे सोडायचे असतील तर क्लोरीन पूर्ण उतरलेलं पाहिजे, क्लोरीन आणि गप्पी एका पाण्यात राहत नाहीत. एकच काहीतरी निवडा. ताडपत्रीवर साचलेलं पावसाचं पाणीही दर आठवड्याला ओता.

शिवरात्रीला शिव शिव म्हणत थंडी गेली की टँक उघडायची तयारी लागते. पाला काढून, बॅकवॉश देऊन, पीएच बघून एक रात्र शॉक मारायचा, तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे, आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ च्या मध्ये येईपर्यंत पोरांना काठावरच बसवायचं.