सशाचे दात आणि काकूंची गाजरे

आमच्या शेजारच्या काकूंचा ससा गेल्या जुलैत अचानक खाईनासा झाला. ठाण्यातल्या घंटाळीहून जनावरांच्या दवाखान्याकडे जाताना रिक्षात टोपली माझ्या मांडीवर होती आणि काकू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या : “अहो, एरवी हावरट आहे मेला. गाजर दिसलं की दोन पायांवर उभा राहतो. ग्लुकोजचं बिस्कीट तर हातातून ओढून घेतो.” डॉक्टरांनी सशाला टॉवेलमध्ये गुंडाळले, कान तपासायची नळीच त्याच्या गालाच्या आत सरकवली आणि काकूंना वाकून पाहायला सांगितले. खालच्या दाढांच्या आतल्या कडेला काचेच्या कपच्यांसारखी टोके वाढली होती आणि त्यांनी जिभेच्या बाजूला एक लाल चीर पाडली होती. ससा भुकेलेला होता, पण प्रत्येक घास त्याला टोचत होता.

आपल्या ताब्यातल्या प्राण्याला काय खाऊ घालावे, याचा निर्णय बहुतेक घरांत तो काय आवडीने खातो यावरून होतो. आपल्याला काय हवे ते प्राण्याला उपजतच कळते, अशी त्यामागची समजूत असते आणि ती अगदीच खोटी नाही. मात्र प्राण्याची जीभ ज्या रानात घडली, त्या रानात गोड, पिठूळ आणि स्निग्ध पदार्थ क्वचितच आणि थोडेच हाती लागत. मिळेल तेव्हा ते आधी संपवणे हा तिथे शहाणपणा होता. तीच जीभ घेऊन प्राणी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आला, आणि तिथे मात्र गोड पदार्थ रोज, हवा तितका, प्रेमाने पुढे केला जातो.

सशाच्या बाबतीत हे जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दुसऱ्या प्राण्यात दिसत असेल. त्याचे पुढचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलीमीटर वाढतात. गवत खाताना सशाचा खालचा जबडा आडवा, जात्यासारखा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून सपाट राहतात. गाजर, बिस्कीट किंवा दुकानातल्या तयार खाद्याच्या गोळ्या चावताना मात्र जबडा मुख्यतः वर-खाली चालतो, घास चटकन संपतो आणि घासण्याचे ते काम होतच नाही. गाजर कडक असते, म्हणून दात झिजत असतील, हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे, पण दाढ झिजते ती चावण्याच्या दिशेने आणि चावण्यात गेलेल्या तासांनी.

दुसरी गोष्ट पोटाची. सशाच्या आतड्याच्या शेवटाकडे अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते आणि तिच्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव गवताचे बारीक कण आंबवत असतात. या आंबवणातून तयार झालेला मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारखा मल ससा थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन परत खातो. पाहणाऱ्याला शिसारी येते आणि काही घरांत त्याबद्दल सशाला मारही बसतो. वास्तविक त्यातून त्याला सूक्ष्मजीवांनी तयार केलेली प्रथिने आणि ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे मिळत असतात. गवतातला जाड तंतू या पिशवीत जातच नाही. तो सरळ पुढे जाऊन कोरड्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि जाता जाता आतड्याची हालचाल चालू ठेवतो. जाड तंतू कमी आणि साखर-पीठ जास्त झाले की ही हालचाल मंदावते, सूक्ष्मजीवांची वस्ती बदलते, पोटात वायू धरतो. सशाला ओकताही येत नाही. त्यामुळे बारा तास काही न खाल्लेला ससा दिसला, तर उद्या बघू असे म्हणण्याची सोय नसते.

डॉक्टरांनी दाढा घासल्या, वेदनाशामक दिले आणि आहार लिहून दिला. त्यात बहुतांश वाळके गवत, त्याखालोखाल पालेभाजी होती, गोळ्या जेमतेम दोन चमचे आणि गाजर आठवड्यातून एखादी चकती. काकूंनी कागद वाचून विचारले, “म्हणजे उपाशीच ठेवायचं की हो त्याला?” गवत हे अन्न आहे, हे आपल्या मनाला पटत नाही, ते आपल्या लेखी गादीत भरायचे सामान असते. शिवाय ठाण्यात जुलैत वाळके गवत सांभाळणे सोपे नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते दोन दिवसांत घामेजते आणि कुबट वास येऊ लागतो, आणि बुरशी धरलेले गवत देण्यापेक्षा न दिलेले बरे. काकूंनी शेवटी जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून ते फ्रिजच्या मागे, उबेला टांगले. ही युक्ती डॉक्टरांच्या कागदावर नव्हती.

बिस्किटांचा हिशेब मी घरी येऊन मांडला. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये दाखवून दिले, की सस्तन प्राण्याची विश्रांतीतली ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट झाले तर गरज सुमारे 1.7 पट होते. पशुवैद्य आजही याच सूत्राने सुरुवात करतात : किलोतल्या वजनाचा पाऊण घात गुणिले 70. दोन किलोच्या सशाला त्यानुसार दिवसाला सुमारे 118 किलोकॅलरी लागतात. ग्लुकोज बिस्किटांत शंभर ग्रॅमला साधारण 450 किलोकॅलरी असतात, म्हणजे अवघ्या 25 ग्रॅम बिस्किटांत जवळजवळ तितकी ऊर्जा येते. पाच-सहा बिस्किटे खाऊन ससा पोटभर जेवलेला असतो आणि त्याच्या दातांनी व अंधांत्राने दिवसभर काहीच काम केलेले नसते.

मोठ्या प्राणिसंग्रहालयांनाही हा धडा उशिरा मिळाला. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने 2014 मध्ये माकडांच्या ताटातून केळी काढून टाकली. कारण असे, की माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या फळांत रानफळांपेक्षा साखर कितीतरी जास्त आणि तंतू कमी असतो. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयात गोरिलांना तयार खाद्याऐवजी पालेभाज्यांचे ढीग द्यायला सुरुवात केल्यावर त्यांचे वजन उतरलेच, शिवाय खाण्यात जाणारा वेळही रानातल्या गोरिलांच्या जवळपास पोहोचला. मला यातला दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा वाटतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याजवळ वेळ भरपूर असतो आणि जेवण पाच मिनिटांत संपले, तर उरलेल्या दिवसाचे काय करायचे हा प्रश्न त्याच्यापुढे राहतो.

मांसाहारी प्राण्यांबाबत चूक वेगळ्या दिशेने होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. कॉलेजात असताना इमारतीच्या गच्चीवर पडलेले घारीचे पिल्लू मी तीन आठवडे घरी ठेवले होते. घार हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्षी आहे आणि असे पिल्लू वनविभागाकडे सोपवायचे असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. त्याच्या घशात काही अडकू नये म्हणून मी चिकनवाल्याकडून मुद्दाम बोनलेस तुकडे आणून, बारीक करून भरवत असे. पिल्लू अधाशासारखे खाई आणि वजनही वाढे. तिसऱ्या आठवड्यात ते पायांवर उभे राहीना. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकत चालले होते.

हाडाविना असलेल्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. कोंबडीच्या छातीच्या शंभर ग्रॅम मांसात फॉस्फरस सुमारे 200 मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅम, म्हणजे विसास एक. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसाच्या निदान बरोबरीने, शक्य तर थोडे जास्तच लागते. रक्तातले कॅल्शियम घसरले, की गळ्याजवळच्या परावटू ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात, कारण हृदय आणि स्नायू चालू राहणे शरीराच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे असते. खाणे भरपूर, वजन चढते, आणि हाडे मात्र आतून विरघळत चाललेली! घार आपल्या पिल्लाला उंदीर भरवते तो हाडे, यकृत, आतडी यांच्यासकट, आणि हा हिशेब त्यातच जुळलेला असतो.

हे कोडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुटले होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदूस होऊन मरत. त्यांना घोड्याचे निव्वळ मांस मिळे आणि सोबतची हाडे इतकी जाड असत, की छाव्यांना ती फोडता येत नसत. 1889 मध्ये जॉन ब्लंड-सटन या शल्यविशारदाने त्यांना हाडांचा चुरा आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल द्यायला सांगितले आणि काही महिन्यांत छावे सुधारले. जीवनसत्त्व ‘ड’ हे नाव तेव्हा अस्तित्वातही नव्हते. फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत ठेवलेल्या कासवाचे कवच मऊ पडते, त्यामागेही बहुधा हीच जोडी असते. अन्नात कॅल्शियम नसते आणि अंगावर ऊन पडत नाही. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, पण त्वचेत जीवनसत्त्व ‘ड’ तयार करणारे अतिनील किरण काच अडवते, त्यामुळे बंद खिडकीशी ठेवलेल्या टाकीचा उपयोग होत नाही.

मांजराची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. शाकाहारी घरात लाडाने वाढणारे, दूधभातावरचे मांजर गुटगुटीत दिसते, पण टॉरिन नावाचे अमिनो आम्ल त्याच्या शरीराला स्वतः पुरेसे बनवता येत नाही आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसते. टॉरिनअभावी मांजराच्या डोळ्याचा पडदा निकामी होतो, हे 1975 मध्ये सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते, हे पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवले. तेव्हा आजारी पडलेल्या मांजरांपैकी कित्येक विकतच्या खाद्यावर वाढलेली होती, म्हणजे चूक कारखान्यातही होऊ शकते. टॉरिन पाण्यात विरघळते, त्यामुळे मासे उकडून पाणी ओतून दिले तर त्याचा बराच भाग मोरीत जातो. कुत्र्याचे तसे नाही. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या जनुकसंचात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेझ या विकराच्या जनुकाच्या प्रती कितीतरी वाढलेल्या आहेत, हे 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगल्याचा तो पुरावा. म्हणूनच कुत्र्याला भात चालतो याचा अर्थ मांजरालाही चालतो असा होत नाही.

देवळाबाहेर गाईला गूळपोळी आणि पावाच्या लाद्याच्या लाद्या भरवणाऱ्यांबद्दल एवढेच सांगता येईल, की पीठ आणि साखर यांचा असा मारा झाला की गाईच्या पहिल्या जठरातले सूक्ष्मजीव झपाट्याने लॅक्टिक आम्ल बनवू लागतात आणि त्या आम्लाने गाय दगावूही शकते. भरवणाऱ्या दहा जणांना बाकीचे नऊ दिसलेले नसतात.

काकूंकडे परत येतो. आहार एका दिवसात बदलायचा नसतो, कारण अंधांत्रातल्या सूक्ष्मजीवांनाही नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. पहिले चार दिवस सशाने गवताकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि काकूंनी मला दोनदा ऐकवले. मग त्यांनी गवतात कोथिंबिरीच्या काड्या लपवायला सुरुवात केली. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पातेले ठेवून त्यात सशाला बसवायचे आणि आकडा दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहायचा, असे ठरले होते. त्याच वहीत त्या लेंड्यांचा आकारही नोंदवत. सुरुवातीला ‘मिरी’ असे लिहिलेले आहे. अकराव्या दिवशीच्या नोंदीत 1940 ग्रॅम या आकड्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरांत ‘वाटाणा’ असे आहे आणि त्याखाली, दुधाच्या दीड लिटरच्या वर, ‘रात्रभर कुरकुर आवाज, झोप नाही’.